दांडी वर, दांडी खाली

स्टाफच्या पाच रेषांवर एकच सूर लिहिलेला असतो, तेव्हा स्वराची दांडी कुठे जाते याला फारसं महत्त्व नसतं. स्वर मधल्या रेषेच्या खाली असला की दांडी वर काढायची, वर असला की खाली सोडायची. पान नीटनेटकं दिसावं, दांड्या स्टाफच्या बाहेर फार लांब जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. पण त्याच पाच रेषांवर दुसरा आवाज राहायला आला की दांडीचं काम बदलतं. आता ती स्वराची उंची पाहत नाही. वर जाणारी दांडी पहिल्या आवाजाची, खाली जाणारी दुसऱ्याची. सोप्रानो कितीही खाली उतरली तरी तिची दांडी वरच राहते, आणि आल्टो कितीही वर चढली तरी तिची खालीच. हा स्वर कोणाचा, हे आता दांडी सांगते.

मला या साध्या नियमाबद्दल मनापासून आदर वाटतो. जागा तीच, राहणाऱ्या दोघी, आणि एकीचं म्हणणं दुसरीच्या नावावर जाऊ नये याची काळजी त्या बारीकशा रेघेने घेतलेली असते. आमच्या छोट्या गायनगटासाठी कॉम्प्युटरवर नोटेशन उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आहे. सकाळी घर जागं व्हायच्या आधी मी त्यातलं एखादं पान घेऊन बसते. हात स्वर भरत असतात आणि मन त्या स्वरांच्या मागे जात असतं. माझं रोजचं चिंतन म्हणायचं तर ते एवढंच.

सध्या समोर बाखचं एक कोराल, म्हणजे चर्चमध्ये गायचं स्तोत्र, आहे. चार आवाज, दोन स्टाफ. वरच्यावर सोप्रानो आणि आल्टो, खालच्यावर टेनर आणि बेस. चाल मुळात हान्स लिओ हास्लर या जर्मन संगीतकाराची, १६०१ साली छापलेल्या एका प्रेमगीताची. पुढे ती चर्चमध्ये आली, भक्तीच्या शब्दांना लागली, आणि १७२७च्या सुमारास बाखने लीपझिगमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ रचलं तेव्हा त्यात ती पाच वेळा योजली. सोप्रानोची चाल प्रत्येक वेळी तीच. चर्चमध्ये बसलेल्या माणसांना ती लहानपणापासून पाठ असणार. पण खालचे तीन आवाज प्रसंग बघून चालतात. येशूच्या मृत्यूनंतर ती चाल शेवटची येते, तेव्हा आल्टो, टेनर आणि बेस अर्ध्या-अर्ध्या स्वराने असे सरकत जातात की ओळखीच्या चालीखालची जमीनच हलल्यासारखी वाटते. आपल्याला लक्षात राहते ती सोप्रानो. काळीज हलवतात ते खालचे तिघे, आणि बहुतेक श्रोत्यांना त्यांची ओळ गुणगुणता येणार नाही.

हे ऐकायला मला वेळ लागला, कारण माझे कान दुसऱ्या वळणावर वाढले. पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी घालून दिलेल्या स्वरलेखनाच्या पद्धती एका सुराची वाटचाल टिपण्यासाठी आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराखाली टिंब आलं की मंद्र, वर आलं की तार, खाली समेची आणि खालीची खूण. एका वेळी एक स्वर, आणि त्याच्या मागचा-पुढचा सगळा विस्तार गाणाऱ्याच्या गळ्यावर सोपवलेला. तंबोरा अखंड वाजत असतो, पण तो कोणी लिहीत नाही. ज्या संगीतात एकच सूर इतक्या खोलात जाऊन पाहिला जातो, त्याला तेवढंच लेखन हवं असतं. त्या वळणाच्या कानाला चार जणांनी एकाच वेळी चार वाटांनी जाणं म्हणजे सुरुवातीला नुसता भरीव आवाज वाटतो. एकेक वाट सुटी ऐकू यायला लागते ती हळूहळू, आणि मला ती यायला लागली लिहिताना. कारण कॉम्प्युटरवर लिहायचं तर आधी ठरवावंच लागतं की हा स्वर कोणाचा.

नवशिक्या माणसाला पहिली अडचण इथेच येते. समजा वर एक मिनिम आहे, दोन मात्रांची. तिच्या खाली त्याच वेळात दोन क्रॉचेट हवेत, एकेक मात्रेचे. मिनिम लिहून झाल्यावर तिच्याखाली क्रॉचेट ठेवायला गेलं की ते जमत नाही. एकतर खालचा स्वरही दोन मात्रांचा होतो, नाहीतर वरची मिनिम पुसली जाते. माणूस वैतागतो. पण सॉफ्टवेअरच्या या हट्टात संगीताचा एक खरा नियम आहे. एका आवाजात एका वेळी एकच लांबी असू शकते. एका दांडीवर तीन-चार स्वर सुखाने बसतील, पण ते एकदम सुरू होतील आणि एकदम थांबतील. तो झाला कॉर्ड. ज्या स्वराला आपल्या वेळेने यायचं आहे आणि आपल्या वेळेने जायचं आहे, त्याला दुसरा आवाज द्यावा लागतो. दोन स्वर एकमेकांपासून कितीही लांब असोत, त्यांची वेळ एक असेल तर ते एका दांडीवर मावतात. अगदी शेजारी असोत, वेळ वेगळी झाली की त्यांना वेगळं करावंच लागतं.

मी वापरते ते म्यूझस्कोर, मोफत मिळतं म्हणून सुरू केलेलं आणि आता हाताला बसलेलं. त्यात एका स्टाफवर चार आवाज ठेवता येतात, आणि निवडलेले स्वर पहिल्या आवाजाचे निळे, दुसऱ्याचे हिरवे, तिसऱ्याचे नारिंगी, चौथ्याचे जांभळे दिसतात. सिबेलियसमध्येही चारच, डोरिकोमध्ये अशी मर्यादा नाही, लिलीपाँड तर शब्दांत लिहून द्यायचं, त्यात एकेका आवाजाची ओळ महिरपी कंसात वेगळी मांडतात. पद्धती निराळ्या, पण प्रश्न सगळीकडे तोच विचारतात. आणि रंग फक्त पडद्यावर असतो. पान छापून गायिकेच्या हातात गेलं की तिच्याजवळ उरते ती काळी दांडी.

विरामाची गोष्ट मात्र मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटते. चार मात्रांच्या बारमध्ये प्रत्येक आवाजाने चार मात्रांचा हिशोब द्यायचा असतो. गाणार असाल तर स्वर, नसाल तर विराम. एकटा आवाज असला तर विराम स्टाफच्या मध्यावर बसतो. दोघी असल्या तर सोप्रानोचा विराम वर सरकतो, आल्टोचा खाली, म्हणजे कोणती शांतता कोणाची हेही दिसतं. दोघी एकाच वेळी, सारख्याच काळापुरत्या थांबल्या तर मध्ये एकच विराम दोघींना पुरतो. म्यूझस्कोरमध्ये पहिल्या आवाजाचे विराम पुसता येत नाहीत, फार तर लपवता येतात. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आवाजाचे मात्र सरळ पुसता येतात. पुष्कळ जण ते पुसतात. पान मोकळं दिसतं, सुबक दिसतं. पियानो वाजवणाऱ्याला ते चालतंही, कारण त्याच्या दोन हातांना सगळे आवाज एकत्र दिसत असतात.

गाणाऱ्याचं तसं नसतं. नाताळच्या तयारीत एकदा कुठूनतरी आलेली एक छापील प्रत आम्ही वापरत होतो. तिच्यातले दुसऱ्या आवाजाचे विराम काढून टाकलेले होते. आमच्यात आल्टो गाणाऱ्या एक मावशी आहेत. मोठ्या नेमाने येतात, पेन्सिल घेऊन बसतात. त्यांनी एका बारवर बोट ठेवून विचारलं, “इथे मी गप्प आहे, की वरच्यांच्या बरोबर गायचं आहे?” पानावर उत्तर नव्हतं. वर दांडी असलेला एक स्वर होता, खाली काहीच नव्हतं. खाली काही नाही याचे दोन अर्थ होतात, आणि गाणाऱ्या बाईला त्यातला एक निवडून उभं राहायचं असतं. तेव्हापासून गायकांच्या पानावरचा एकही विराम मी लपवत नाही. पान थोडं दाटतं, दाटू दे. आपण इथे गात नाही हेसुद्धा आपल्याला कोणीतरी नीट सांगावं, ही मावशींची मागणी मला अगदी रास्त वाटते. ज्या ठिकाणी आल्टो थांबते, ते ठिकाणही तिच्या ओळीचंच आहे. पुढच्या स्वरासाठी श्वास ती तिथेच घेते.

आणि दोघी खरोखरच एका स्वरावर येतात तेव्हा? तेव्हा लेखनात एक फार सुंदर आकृती तयार होते. स्वराचं डोकं एकच, आणि त्याला दोन दांड्या: उजवीकडून एक वर गेलेली, डावीकडून एक खाली उतरलेली. एका क्षणापुरत्या दोघी एका ठिकाणी आहेत, तरी दोघीही आहेत. मात्र ही आकृती सगळ्या वेळी करता येत नाही. डोकं एक करायचं तर लांबी वाचता आली पाहिजे. मिनिमचं डोकं पोकळ, क्रॉचेटचं भरीव. एकाच डोक्याने दोन्ही कसं व्हावं? लिलीपाँडमध्ये मिनिम आणि अर्ध्या मात्रेची क्वेव्हर एका डोक्यावर आणायची सोय आहे, कारण क्वेव्हरच्या दांडीला शेपूट असतं आणि त्यावरून ती ओळखता येते. मिनिम आणि क्रॉचेट मात्र ते एकत्र आणत नाही, कारण मग कुठली दांडी कोणत्या लांबीची हे सांगायला काहीच उरत नाही. अशा वेळी दोन डोकी शेजारी-शेजारी मांडावी लागतात. स्वर तोच, उंची तीच, क्षण तोच, तरी शेजारी.

अगदी लगतचे दोन स्वर आले तर काय करायचं हेही ठरलेलं आहे. ते एकावर एक मांडले तर डोकी एकमेकांत घुसतील, म्हणून वर दांडीचा स्वर डावीकडे आणि खाली दांडीचा उजवीकडे सरकवतात. मग दोन्ही दांड्या जवळजवळ एका उभ्या रेषेत येतात, आणि पाहताक्षणी कळतं की सुरुवात एकाच वेळी आहे. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं. पूर्वी तांब्या-शिशाच्या पत्र्यावर नोटेशन कोरणारे कारागीर हे हाताने आणि उलट्या दिशेने करत असत, आणि त्यांच्या पानांची सफाई आजही नजर खिळवून ठेवते.

काही स्तोत्रग्रंथांत सोप्रानो आणि आल्टोची लय सारखी असेल तिथे दोन्ही स्वर एकाच दांडीवर घालून टाकलेले असतात. जागा वाचते. मला ते पटत नाही. एका दांडीवर घातलं की वरचा स्वर सोप्रानोचा आणि खालचा आल्टोचा असं गृहीत धरावं लागतं, आणि बाखच्या आवाजांना असं गृहीत धरलेलं चालत नाही. त्याच्याकडे आवाज एकमेकांना ओलांडून जातात. आल्टो क्षणभर सोप्रानोच्या वर चढते, मग परत खाली येते. दोन दांड्या असल्या तर डोळा तिच्या मागे जाऊ शकतो. एक दांडी असली तर ती चढण पानावरून पुसलीच जाते, आणि उरतात फक्त वर-खाली असलेले दोन ठिपके.

एका स्टाफवर दोन आवाज लिहिण्याची ही मांडणी गाणाऱ्यांसाठी झालेली नव्हती, हे इथे सांगायला हवं. १५०१ साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुचीने अनेक आवाजांचं संगीत खिळ्यांनी छापलं, तेव्हा प्रत्येक आवाज वेगळा छापला होता. बाखच्या संहितेतही गायकांच्या प्रत्येक आवाजाला स्वतःचा स्टाफ आहे. बाख गेल्यानंतर पंधरा वर्षांनी, १७६५ साली, त्याच्या कोरालांचा संग्रह बर्लिनमध्ये निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने स्पष्ट सांगितलं आहे की ऑर्गन आणि क्लाव्हिएर वाजवणाऱ्यांना वाचायला सोपं जावं म्हणून चार आवाज दोन स्टाफवर आणले. म्हणजे चार गळ्यांचं गाणं दोन हातांसाठी एकत्र बांधलं गेलं. आपण ते पान परत गायकांच्या हाती देतो तेव्हा त्या दोन हातांतून चार गळे पुन्हा सोडवून घ्यायची जबाबदारी आपली असते.

याच मांडणीचं सर्वांत धाडसी रूप मात्र बाखनेच स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे, आणि तेही एकट्या व्हायोलिनसाठी. सोलो व्हायोलिनचे तीन सोनाटा आणि तीन पार्टिटा. त्यांची १७२० सालची त्याच्या हस्ताक्षरातली प्रत बर्लिनच्या स्टाट्सबिब्लिओटेकमध्ये आहे. पहिल्या सोनाटामधला जी मायनर फ्यूग घ्या. वाद्य एक, वाजवणारा एक, स्टाफ एक, आणि त्यावर एकामागून एक आत येणारे आवाज, वर-खाली दांड्या आणि त्या जोडणारे, पाण्याच्या लाटेसारखे वळणारे बीम. व्हायोलिनची घोडी कमानदार असते. गज एका वेळी दोन तारांवर नीट टेकतो, तिसऱ्या तारेला जोर देऊन क्षणभर स्पर्श करतो, चार तारा एकदम धरून ठेवू शकत नाही. बाख स्वतः व्हायोलिन वाजवायचा, त्याला हे पुरतं माहीत होतं. तरी तो खालच्या आवाजाला लांब स्वर लिहितो, जो वाजवणारा पूर्ण लांबीपर्यंत धरू शकणारच नाही. वरच्या आवाजाकडे जाताना त्याला तो सोडावाच लागणार.

मग ती लांबी कोणासाठी लिहिली? मी जितका विचार करते तितकं मला वाटतं की ती ऐकण्यासाठी लिहिली आहे. तार थांबली तरी तो आवाज तिथेच आहे, पुढचा स्वर त्याच्याशीच बोलतो आहे, हे वाजवणाऱ्याने मनात धरावं आणि त्याच्या वाजवण्यातून श्रोत्याच्या मनात उतरावं, एवढ्यासाठी. चांगला व्हायोलिनवादक हा फ्यूग वाजवतो तेव्हा खालचा स्वर थांबलेला असूनही आपल्याला तो ऐकू येत राहतो. एका स्टाफवर दुसरा आवाज लिहिला नसता, नुसते एकापाठोपाठ एक वाजणारे स्वर लिहिले असते, तर वाजवण्याच्या दृष्टीने फारसा फरक पडला नसता. समजण्याच्या दृष्टीने सगळाच फरक पडला असता.

हा फ्यूग सॉफ्टवेअरमध्ये भरून बघावा असं मी संगीत शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. भरताना प्रत्येक स्वरापाशी थांबावं लागतं. हा आधीच्या आवाजाचाच पुढचा स्वर, की नवा आवाज आत आला? दांड्या बरंच सांगतात, पण सगळं सांगत नाहीत. एक आवाज कुठे संपला आणि दुसऱ्याने त्याची वाट कुठे उचलली, हे काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी वाचता येतं. कागदावर ते तसंच सोडून पुढे जाता येतं. सॉफ्टवेअरमध्ये नाही. तिथे एक किंवा दोन असं बटण दाबल्याशिवाय स्वर उमटतच नाही. त्या बटणापाशी माणूस खऱ्या अर्थाने ऐकायला लागतो.

तिसरा आवाज आला की गोष्ट आणखी अवघड होते, कारण दांडीला दिशा दोनच. १७४७ साली प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने दिलेल्या विषयावर बाखने ‘म्यूझिकल ऑफरिंग’ रचलं. त्यातला सहा आवाजांचा रिचेरकार छापताना सहा स्टाफ वापरले, पण बाखची हातची प्रत दोन स्टाफवर आहे. एकेका स्टाफवर तीन-तीन आवाज! तिथे मधल्या आवाजाची दांडी कधी वर, कधी खाली, जिथे जागा मिळेल तिथे, आणि डोकं जरा बाजूला सरकवलेलं. सॉफ्टवेअरही तेच करतं. तिसऱ्या आवाजाची दांडी वर ठेवून त्याला उजवीकडे ढकलतं. तिसरा थोडा ढकललेलाच राहतो. पण तो असतो.

गिटारवाल्यांना हे सगळं रोजचंच आहे. बार्सिलोनात जन्मलेला फेर्नांदो सोर याच्या गिटाररचना पाहिल्या तर अंगठ्याने वाजवायच्या खालच्या आवाजाच्या दांड्या खाली, चालीच्या वर, आणि सगळं एकाच स्टाफवर. आणि आपल्या शेजारी गोव्यात मांडो आहे. एकोणिसाव्या शतकात घडलेलं हे गीत सहा मात्रांच्या संथ डोलाने दोन आवाजांत गातात. पहिला आवाज चाल सांभाळतो, दुसरा बहुधा तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतरावर तिच्या सोबतीने चालतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून सोल्फेज आणि व्हायोलिन शिकलेली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं हे दोन आवाज एका स्टाफवर वाचत आली. त्यांतलेच कितीतरी पुढे मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत गेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांनी हिंदी गाण्यांमागच्या वाद्यवृंदासाठी पानंच्या पानं स्टाफ नोटेशन लिहिलं. आपण ज्या गाण्यांवर वाढलो, त्यांच्यातही मागे कुठेतरी व्हायोलिनचा दुसरा आवाज चालू असतो. जुनं एखादं गाणं लागलं की मी आता तो शोधते.

मराठी स्तोत्रं चार आवाजांत उतरवायची झाली तर शब्दांचाही प्रश्न येतो. चारही आवाज एका लयीत असतील तर दोन स्टाफच्या मध्ये लिहिलेली शब्दांची एकच ओळ सगळ्यांना पुरते. आल्टो वेगळ्या लयीत गेली की तिचे शब्द स्टाफखाली आणि सोप्रानोचे स्टाफवर न्यावे लागतात, कारण सॉफ्टवेअरमध्ये शब्द स्वराला आणि स्वर आवाजाला बांधलेला असतो. त्यात आपली जोडाक्षरं. ‘प्रार्थना’ गाताना र हा पहिल्या स्वरावर संपतो, लिहिताना रफार होऊन पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणतो ‘प्रार्-थ-ना’, आणि लिहितो ‘प्रा-र्थ-ना’. पहिल्या तुकड्याला पाय मोडून लिहिलं तर उच्चार बरोबर दिसतो, पण वाचणाऱ्याची नजर अडखळते. मी रफार त्याच्या जागीच ठेवते. मराठी वाचणाऱ्या गळ्याला तो कधी म्हणायचा ते ठाऊक असतं, आणि दोन आवाजांच्या दोन ओळी एकाखाली एक असताना नजर न अडखळणं महत्त्वाचं.

ही पानं एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची तर म्यूझिकएक्सएमएल नावाच्या फाइलमधून नेतात. १९८८ पासून चालत आलेलं फिनाले हे नोटेशनचं सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीने जाहीर केलं, तेव्हा कितीतरी लोकांनी आपलं आयुष्यभराचं लिखाण याच मार्गाने बाहेर काढलं. ती फाइल साध्या मजकुरासारखी उघडून मी एकदा वाचली, आणि एका खुणेपाशी बराच वेळ थांबले. फाइलमध्ये सगळं एका ओळीनेच लिहावं लागतं. दोन गोष्टी एकाच वेळी लिहायची सोय तिथे नाही. म्हणून आधी बारच्या शेवटापर्यंत सोप्रानो लिहितात. मग एक आज्ञा येते: एवढा वेळ मागे जा. आणि बारच्या सुरुवातीपासून आल्टो लिहितात. पुन्हा मागे जा, आणखी कोणी असेल तर तोही लिही. प्रत्येक बारमध्ये हे चालतं. एकत्र गायलेलं गाणं पोचवायचं तर यंत्रालाही दर वेळी परत सुरुवातीला यावं लागतं आणि त्याच क्षणातून दुसऱ्याच्या बाजूने पुन्हा एकदा जावं लागतं.

मीही आता तसंच तपासते. पान पुरं झालं की सगळं एकत्र वाजवून बघण्याआधी मी आल्टोची ओळ एकटी गाऊन बघते, पहिल्या बारपासून शेवटापर्यंत, मध्ये सोप्रानोकडे न बघता. दांडी खाली असलेले तेवढेच स्वर, खाली बसलेले तेवढेच विराम, खालून वळणारे तेवढेच टाय. कुठे श्वासाला जागा नाही, कुठे लांबलेला स्वर पुढच्या बारमध्ये नीट बांधलेला नाही, कुठे ‘वरच्यांच्या बरोबर’ असताना दुसरी दांडी द्यायची राहिली आहे, ते गाताना लगेच कळतं. मग टेनर, मग बेस. सोप्रानो शेवटी, तिची चाल सगळ्यांना येतेच. आजच्या कोरालमध्ये मावशींची ओळ माझ्या हिशोबाने आता पूर्ण आहे. संध्याकाळी सरावाला त्या पेन्सिल घेऊन येतील, आणि काही राहिलंच असेल तर त्या दाखवतील.